नाव तिचं, हात माझा

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला कळलं की मी दवाखान्यातून निवृत्त झालोय, की तो आधी गुडघेदुखीवरचं औषध विचारतो. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडरही नव्हतो, रेकॉर्ड विभागात क्लार्क होतो, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा पडतो. तो आधी बट्टी कुस्करून घेतो. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतो आणि विचारतो, "म्हणजे कागद सगळे तुमच्याच हातातले. आता खरं सांगा भाऊ, त्या कोरोनात लस घेतलेले जास्त गेले की न घेतलेले?"

विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्यावर त्याला फक्त माझी सही हवी असते. मी आकडे सांगत नाही. आकडे वरच्या साहेबांचे. मी रॅक सांगतो. माझ्याकडे शेवटी शेवटी दोन रॅक झाले होते. लस घेतलेल्यांच्या रॅकमधले बहुतेक कागद पातळ होते. चार दिवसांचे, पाच दिवसांचे, आले आणि गेले. न घेतलेल्यांचे कागद जाड, आणि त्या रॅककडे लाल पेन घेऊन मला कितीतरी जास्त वेळा जावं लागलं. दोन डोस घेऊनही माणसं गेली, तेही लपवत नाही. त्यांतली बरीच वयाने थकलेली किंवा आधीच दुसऱ्या दुखण्याने पोखरलेली होती. एवढं सांगितलं की शेजारचा त्यातलं त्याला हवं तेवढं वाक्य उचलतो आणि वांग्याची भाजी मागवतो.

पण मी त्याला एक गोष्ट कधी सांगितलेली नाही. त्या दोन रॅकमध्ये एक कागद चुकीच्या बाजूला आहे. तो मीच तिथे ठेवला आणि तो आजही तिथेच असेल. निवृत्तीनंतर आता कुणी माझी वेतनवाढ रोखणार नाही, म्हणून लिहितो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा केसपेपर निघतो. नाव, वय, गाव, तक्रार. मग तो जितके दिवस आत राहील तितका कागद जाड होत जातो. नाडीचा तक्ता, औषधांची यादी, राउंडला डॉक्टरांनी केलेली नोंद, जिचं अक्षर लावायला आम्ही तीन क्लार्क आणि एक भिंग लागायचं. शेवटी माणूस एका दाराने जातो आणि कागद दुसऱ्या दाराने आमच्याकडे येतो. त्याच्या शेवटच्या रकान्यात चारपैकी एक गोष्ट असते. घरी सोडले. दुसरीकडे पाठवले. डामा, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना घरच्यांनी सही करून पेशंट उचलून नेला. आणि मृत्यू. पहिल्या तिन्ही आम्ही निळ्या शाईने लिहायचो, चौथी लाल.

आधी धुळ्याला आणि मग जळगावला मिळून सगळी नोकरी मी हेच केलं. पेशंटचा चेहरा मला क्वचित दिसायचा. लोकांची ओळख मला शेवटच्या रकान्यावरून. त्याचा मला अभिमानही होता. कुठल्याही सालचा कागद मागा, चहा गार व्हायच्या आत टेबलावर. डॉक्टर बदलले, साहेब बदलले, छतातून गळणारी जागा बदलली, पण माझ्या रॅकचा क्रम कधी चुकला नाही. कुणी हुज्जत घालायला आलं की मी एकच वाक्य म्हणायचो, "तुम्ही काय म्हणता ते राहू द्या, कागद काय म्हणतो ते बघू." हे वाक्य मला फार आवडायचं. आता तितकंसं आवडत नाही.

लस आली तसा केसपेपरवर एक नवा रबरी शिक्का आला. लस: नाही, एक, दोन. त्यातल्या एकावर बरोबरची खूण करायची. दिसायला एवढंसं काम. पण आमच्याकडे खाटांची ओढाताण होती आणि त्यातून एक पद्धत पडून गेली होती. दोन डोस झालेला, बरा दिसणारा पेशंट तळमजल्याच्या वॉर्डात; तिथे ऑक्सिजन सकाळी आणि संध्याकाळी बघायचे. लस न घेतलेला, त्यातून साखर किंवा बीपी असलेला पेशंट वरच्या मजल्यावर. तिथे दर दोन तासांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. म्हणजे ही खूण कुठे पडते त्यावर माणूस जिना चढणार की नाही ते ठरायचं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि खूण करताना हात थांबणं यात बरंच अंतर असतं.

ह्या शिक्क्याला पहिला चकवा दिला तो एका भाऊंनी. नाव सांगत नाही. त्यांच्या तालुक्यात सगळे त्यांना भाऊ म्हणत आणि ते स्वतःही स्वतःबद्दल बोलताना भाऊच म्हणत. लसीविरुद्ध त्यांचे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप फिरत. लस घेतली की माणूस वर्षभरात आटपतो, हे ते इतक्या आपुलकीने सांगत की ऐकणाऱ्याला आटपावंसंच वाटावं. ते ताप घेऊन आमच्याकडे आले त्या दुपारी ॲडमिशनच्या खिडकीवरच्या क्लार्कच्या जागी थोडा वेळ मी बसलो होतो. भाऊंच्या मागे पंधरा कार्यकर्ते. लस घेतली का विचारल्यावर त्यांनी मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "सात जन्मांत नाही!"

मी लसीच्या सरकारी पोर्टलवर त्यांच्या आधारचा नंबर टाकला. दोन डोस पूर्ण, दोन्ही धुळ्याला. मी तशी खूण केली.

तासाभराने त्यांनी मला वॉर्डाच्या दाराशी बोलावून घेतलं. एकटेच होते.

"क्लार्कसाहेब, तेवढं 'नाही' लिहा ना."

"भाऊ, धुळ्यापर्यंत कशाला गेलात? जळगावातच मिळत होती."

"इथे ओळखतात हो लोक," ते म्हणाले, आणि इतकं खरं बोलताना मी त्यांना तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

मी "दोन" वरची खूण बदलली नाही. पाचव्या दिवशी भाऊ स्वतःच्या पायांनी बाहेर पडले. फाटकाशी हार घातले गेले आणि बिनलशीचा माणूस कसा ठणठणीत बाहेर आला यावर छोटं भाषणही झालं. त्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर होता. त्याने भाऊंचे निरोप मनापासून ऐकले होते. त्याच्या कागदावर मी लाल शाईने लिहिलं. मला फार राग आला होता, आजही येतो. केसपेपरवर रागाचा रकाना नसतो, म्हणून तो घरी नेला आणि बायकोवर काढला. तिची काहीच चूक नव्हती.

ह्या प्रकारानंतर माझा एक समज पक्का झाला की माणसं खोटं बोलतात आणि कागद खरं बोलतो. पुढे जे झालं त्याचं मूळ ह्या समजात आहे.

तिसऱ्या लाटेत ॲडमिशनच्या खिडकीवरचे दोघे एकाच दिवशी पॉझिटिव्ह आले आणि मला रेकॉर्ड रूममधून उचलून तिथे बसवलं. समोर रांग. हातात दोन्ही रंगांची पेनं आणि तो शिक्का. तेव्हा पारोळ्याकडच्या एका खेड्यातून दोन जावा आल्या. थोरली लीलाबाई, साठी ओलांडलेली, बोलकी, काटक. धाकटी सुमनबाई, पन्नाशीच्या पुढची, साखरेची गोळी चालू, आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ. दोघींचे नवरे घरी तापाने पडलेले. सगळे कागद, पिशवी आणि एकुलता एक मोबाइल लीलाबाईंच्या ताब्यात.

"लस?" मी विचारलं.

लीलाबाईंनी मोबाइल काचेला लावला. त्यात दोघींची सर्टिफिकेटं होती, दोघींचे दोन-दोन डोस. मी दोन्ही कागदांवर खुणा केल्या. मग त्या खिडकीच्या भोकाजवळ तोंड आणून अहिराणीत हळू म्हणाल्या, "भाऊ, मना जरा जास्ती व्हई गयात. तिना कमी शेतस."

मला वाटलं बाई घाबरली आहे, माझे जास्त, तिचे कमी असं काहीतरी बोलते आहे. मागे रांगेत एक जण भिंतीला टेकून खाली बसला होता.

"अक्का, इथे जास्त-कमी नसतं. दोन म्हणजे दोन. पुढे चला."

त्या पुढे गेल्या. सुमनबाई त्यांच्या पदराचं टोक धरून मागे गेली. दोघी तळमजल्यावर, शेजारशेजारच्या खाटांवर.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर बदली माणूस आला, आणि दुपारी मी परत रेकॉर्ड रूममध्ये वर पाठवायचा रोजचा तक्ता भरत होतो. दारात लीलाबाई उभ्या. तोंडाला मास्क, डोक्यावर पदर, हाताला सलाईनची पट्टी तशीच.

"अक्का, तुम्ही पेशंट आहात! वॉर्ड सोडून इकडे कशा आलात?"

"भाऊ, तिले दम लागस," त्या म्हणाल्या. "सिस्टर सांगस, दोन डोस शेतस, घाबरू नका, सांजले दखसूत. पन भाऊ, तिना येक बी नही शे."

"एक काय नाही?"

"सुई. तिना नावनी सुई मी लिधी. दोन्ही खेपले." त्यांनी स्वतःचा दंड धरून दाखवला. "नाव तिनं, हात मना."

मी खुर्चीतून उठलो होतो की बसलोच होतो, ते आठवत नाही. त्यांनी मला जे सांगितलं ते मी इथे माझ्या भाषेत सांगतो, कारण त्या रडत बोलत होत्या आणि अर्धं मास्कमध्येच राहत होतं. सुमनबाईचा भाऊ आदल्या लाटेत गेला. ती त्याला बघायला दवाखान्यात पोचली तेव्हा सिस्टर त्याला सुई टोचत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर थोड्या वेळात तो गेला. तेव्हापासून सुई म्हटलं की तिला घेरी येत होती. इकडे गावात आवई उठली की सर्टिफिकेट नसलं तर रेशन बंद. लीलाबाईंनी गावच्या केंद्रावर स्वतःची लस घेतली. मग आठवड्याभराने शेजारच्या गावी जाऊन सुमनबाईच्या आधारकार्डावर आणखी एक घेतली. दुसऱ्या डोसाची वेळ आली तेव्हा पुन्हा तसंच.

कुणी ओळखलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. तोंडावर मास्क, डोक्यावर पदर, मध्ये दिसतात ते दोन डोळे. आधारच्या फोटोत सुमनबाईचे तेही मिटलेले होते.

"अहो पण अक्का, लस अशी दुसऱ्याची घेता येते का?" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की अडाणी मीच. "ती बाळंतीन व्हती तवय तिना सोमवार मीच धरात. देवनी चालाडी लिधं. मंग सरकारले काय व्हस?"

आमच्या घरात उपासतापास नाहीत. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातली व्रतं गेली, त्यामुळे हा मार्ग मला ठाऊक नव्हता. नंतर शेजारपाजारी विचारलं तर सगळ्या बायांना ठाऊक. एकीचं व्रत अडलं, ती बाळंत झाली, आजारी पडली, तर दुसरी तिच्या नावाने उरलेले वार पुरे करते आणि पुण्य जिचं तिला मिळतं. लीलाबाईंनी सुमनबाईचे सोमवार पुरे केले होते. सुईही त्याच मनाने पुरी केली. त्यात फसवणूक म्हणाल तर रेशनपुरती होती, बाकी सगळी माया होती.

"दोन्ही खेपले ताप मालेच उना," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, ताप मना, गुन तिले."

मी जिना चढलो. त्या अख्ख्या काळात कुणी न बोलावता मी वर गेलो ते तेवढ्या एकाच वेळी. वरच्या वॉर्डाच्या डॉक्टर मॅडम राउंड संपवून हात धूत होत्या.

"मॅडम, तळमजल्यावरच्या सुमनबाईंचा शिक्का चुकलाय. दोन नाही. एकही नाही."

"सर्टिफिकेट होतं ना?"

"सर्टिफिकेट आहे. लस नाही."

मॅडमनी पुढचं विचारलं नाही. खाली आल्या, सुमनबाईच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, तो कुणाला वाचून दाखवला नाही आणि ट्रॉली मागवली. लिफ्टचं दार बंद होताना सुमनबाई जावेकडे बघत होती. लीलाबाईंना वर जायची परवानगी नव्हती. त्यांची तब्येत अगदी छान होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर मला सांगता येत नाही काय झालं असतं." त्यांनी दोष दिला नाही. पण बाईने मला खिडकीतच सांगितलं होतं. जास्त-कमी झालंय म्हणून तिच्या भाषेत, तिला जमेल तेवढं सांगितलं होतं. मी शहाणा, मी तिला दोन म्हणजे दोन शिकवलं. आता सुमनबाईच्या शेवटच्या रकान्यात लाल शाई पडली असती तर ती माझ्या खुणेने पडली असती, आणि हे कागदावर कुठेही दिसलं नसतं. कागद म्हणाला असता: दोन डोस, मृत्यू. तक्त्यात बरोबर बसलं असतं. मी स्वतःच ते जोडून पाठवलं असतं.

त्या दिवसांत मी एक गोष्ट केली जी आजवर कुणाला सांगितली नाही. माझं लाल पेन मी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. ज्यांच्यासाठी लागलं त्यांच्यासाठी शेजारच्या क्लार्कचं मागून घेतलं. माझं पेन बाहेर काढलं तर सुमनबाईवर येईल असं वाटत होतं. दुसऱ्याच्या नावाने सुई घेणाऱ्या बाईला अडाणी समजणारा मी, आणि माझी ही तऱ्हा.

लीलाबाईंना पाचव्या दिवशी घरी सोडलं. त्या गेल्या नाहीत. फाटकाबाहेर रिक्षा लागतात तिथे निंबाखाली चवाळं अंथरून बसल्या. मी येता-जाता थांबायचो. माझं घर पिंप्राळ्याला; तिथून निघताना बायको डब्यात दोन भाकरी जास्तीच्या बांधायची. लीलाबाई भाकरी घ्यायच्या आणि रोज तोच प्रश्न विचारायच्या.

"भाऊ, शेवटना रकानामा काय लिखं?"

मी त्यांना रकान्यांचं सगळं समजावून सांगितलं होतं, निळ्या शाईचं आणि लाल शाईचंही. सांगायला नको होतं.

"अजून कोरा आहे अक्का."

"कोरा बरा," त्या म्हणायच्या आणि भाकरी मोडायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "ती मरी गयी तर मीच मारी असं व्हई." मी म्हणालो, तुम्ही येऊन सांगितलंत म्हणून ती वर आहे. त्यावर त्यांनी मला विचारलं, "मंग खिडकीमा सांगं तवय तुम्ही का नही ऐकं?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी घड्याळ बघून साहेब वाट बघताहेत असं काहीतरी म्हणालो आणि आत गेलो.

सुमनबाई बारा-तेरा दिवसांनी जिन्याने खाली आली. सावकाश, कठड्याला धरून, पण आपल्या पायांनी. मी निळ्या पेनाने लिहिलं: घरी सोडले. एवढे दोन शब्द मी इतक्या वळणदार अक्षरात नोकरीत कधी लिहिले नव्हते. लीलाबाईंना नेऊन दाखवले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शाईचा रंग बघितला आणि माझे हात धरले.

आता गोष्ट संपायला हवी होती. पण कागद बाकी होता.

माझ्या तक्त्यात सुमनबाई "दोन डोस, ऑक्सिजन लागला" अशी गेली होती. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: प्रत्यक्षात लस घेतलेली नाही. वरून तो तक्ता परत आला. पोर्टलवर दोन डोस दिसत आहेत, शेरा विसंगत आहे, शेरा काढावा. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की लाभार्थीचे दोन्ही डोस पूर्ण असल्याने प्रश्न उद्भवत नाही. खाली पेनाने कुणीतरी लिहिलं होतं की तुमचं म्हणणं खरं असेल तर दुसऱ्याच्या आधारकार्डाचा गैरवापर करणाऱ्या व्यक्तीचं नाव कळवावं. मी त्या व्यक्तीला रोज भाकरी नेऊन दिली होती. मी अर्ज मागे घेतला, शेरा काढला आणि सुमनबाईचा कागद लस घेतलेल्यांच्या रॅकमध्ये ठेवला. नोकरीत जाणूनबुजून चुकीच्या जागी ठेवलेल्या कागदाची ही हकिगत. मोठमोठ्या अभ्यासांसाठी आकडे गोळा करणाऱ्यांनी माझ्या एका कागदासाठी मला माफ करावं.

तिकडे गावात वेगळंच. दोन्ही सुया घेईसन बी सुमनबाई दवाखानामा गयी, असं घरोघर झालं. ज्यांनी अजून घेतली नव्हती ते म्हणाले, बघा, काय उपयोग. सुमनबाईचं नाव घेऊन लोक लस टाळायला लागले. लीलाबाईंना हे सोसवलं नाही. एक दिवस पिठाच्या गिरणीवर, भर गर्दीत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. मला फोनवर कळवलं तेव्हा मी विचारलं, लोक काय म्हणाले? "बठ्ठा हसनात," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "अन् गिरणीवाला दुसरा दिन सुई टोची उना." आमच्या दवाखान्याच्या सगळ्या भित्तिपत्रकांनी मिळून जे केलं नव्हतं ते असं झालं.

त्याच सुमारास मी निवृत्त झालो. नारळ, शाल, आणि माझ्यावाचून रेकॉर्ड रूमचं कसं होणार यावर अशा लोकांची भाषणं जे रेकॉर्ड रूममध्ये कधी आले नव्हते. घरी बसवेना. आमच्या पिंप्राळ्यातल्या विहारात लसीकरणाचं शिबिर लागायचं, तिथे नावं भरायला कुणी तरी हवंच होतं. मी लॅपटॉपवर बसायला लागलो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावरच्या आठवड्यात दोघी जावा विहाराच्या दारात. सुमनबाई पुढे, लीलाबाई मागे. हे आधी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, आते माले द्या," सुमनबाई म्हणाली. माझ्याशी ती आपणहून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "सुईनं भ्याव गयं. तठे वर बठ्ठं टोची टोची भ्याव सरी गयं."

मी तिचा नंबर टाकला. पोर्टल म्हणालं, दोन्ही डोस पूर्ण, अभिनंदन. शिबिरात तिसरा डोस साठीच्या वरच्यांनाच होता, आणि तिची साठी अजून लांब होती. जिने एकही घेतली नाही तिला देता येत नव्हती, कारण तिची झाली होती. मी लीलाबाईंचा नंबर टाकला. तिसरा डोस देय. जिला चार झाले होते तिला पाचवा घ्यायला पोर्टल हात जोडून बोलावत होतं.

मी स्क्रीनकडे बघत बसलो. सगळी नोकरी मी ज्या वाक्यावर काढली ते समोर चमकत होतं. तुम्ही काय म्हणता ते राहू द्या, कागद काय म्हणतो ते बघू. कागद तर स्पष्ट म्हणत होता.

टोचणाऱ्या सिस्टर माझ्या ओळखीच्या होत्या. मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि सगळं खरं सांगितलं, खिडकीपासून. त्यांनी ऐकून घेतलं. सुमनबाईला आजाराला किती महिने झाले, साखर किती, आणखी काय काय, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, नाव बघायचं काम तुमचं. माझं काम हात बघायचं."

मी परत येऊन बसलो आणि मोठ्याने पुकारलं, "लीलाबाई!"

दोघी उठल्या. लीलाबाईंनी सवयीने पोलक्याची बाही वर सारली होती.

"अक्का, तुमचा हात नको," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

सुमनबाई पुढे झाली. डोळे घट्ट मिटले, आधारकार्डावर होते तसे. सुई आत गेली तेव्हा आवाज लीलाबाईंच्या तोंडून आला. मग अर्धा तास दोघी विहाराच्या ओट्यावर बसून राहिल्या आणि लीलाबाई दर पाच मिनिटांनी तिच्या दंडाला हात लावून बघत होत्या. मी एंटर दाबलं. सगळी नोकरी कागद खरा ठेवला आणि निवृत्तीनंतर, बुद्धमूर्तीसमोर, शुद्धीवर असताना खोटी नोंद केली. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना फोन वाजला. लीलाबाई.

"भाऊ! ताप उना!"

माझ्या हातातला वस्तरा थांबला. "कुणाला? तुम्हाला?"

"नही भो, माले काय व्हस!" त्या हसत होत्या, आणि हसता हसता रडतही होत्या. "तिले उना. ह्या खेपले तिलेच उना!"

माझ्याकडे एक जुनी खिशातली वही आहे. कुठल्याच शिक्क्यात बसत नाही ते मी तिच्यात लिहितो. तोंडाला साबण तसाच होता. मी निळं पेन शोधलं आणि लिहिलं: नाव लीलाबाई. हात सुमनबाई. ताप सुमनबाईलाच.